म्हातारपणी पानातला पालक

मैत्रिणींनो, वस्तीतल्या बैठकीत साठी ओलांडलेल्या बायकांना मी विचारते, ‘काल पालेभाजी किती खाल्लीत?’ उत्तर ठरलेलं: ‘सगळ्यांचं झाल्यावर उरली तेवढी.’

पालकात फोलेट, चोथा आणि ‘के’ जीवनसत्त्व असतं. पोट साफ व्हायला मदत होते. लोह मात्र १०० ग्रॅममध्ये सुमारे ३ मिलिग्रॅम, तेही अंगी कमीच लागतं. म्हणून वर लिंबू पिळा, जेवणावर लगेच चहा नको. अंगात रक्त कमी असेल तर तपासणी करून गोळ्याच घ्यायला हव्यात.

रक्त पातळ होण्यासाठी वॉरफॅरिन घेणाऱ्यांनी पालक एकदम वाढवू नये, सोडूही नये. मूतखडा किंवा मूत्रपिंडाचा विकार असेल तर आधी डॉक्टरांना विचारा.

आणि भाजी उरायची वाट पाहू नका. पहिल्या पंगतीतच आपलं पान वाढून घ्या.