पन्नास पैशांचे कार्ड आणि ई-मेलचा पत्ता

(मंडळातील छोट्या व्यावसायिकांच्या मेळाव्यात केलेले भाषण, थोडे संक्षिप्त करून.)



मला भाषणाची सवय नाही. आठवडाभर नोकरी आणि शनिवार-रविवारी सौभाग्यवतींच्या मसाल्यांची पाकिटे भरणे, असा माझा उद्योग. गोडा मसाला, मेतकूट, भाजणी यांची आमची छोटीशी वेबसाइट आहे. तिच्यावर माणसे यावीत, त्यांनी ई-मेलचा पत्ता नोंदवावा, म्हणून मी पोस्टकार्डे पाठवली. त्यात काय जमले आणि कुठे हात पोळले, तेवढे सांगतो.

पोस्टकार्डच का? गुरुग्राममध्ये सोसायटीच्या गेटवर पत्रके वाटणाऱ्याला गार्ड आत सोडत नाही. व्हॉट्सअ‍ॅपवरची जाहिरात 'सुप्रभात'च्या फुलांखाली गाडली जाते. पोस्टमन मात्र आत जातो. आपल्या देशात पोस्टकार्ड आले १८७९ साली, पाव आण्याला. त्याला पाकीट नाही, फोडायचे कष्ट नाहीत. हातात आले की नजर जातेच. दूरदर्शनवरचे 'सुरभि' आठवत असेल. सिद्धार्थ काक आणि आपल्या रेणुका शहाणे प्रश्न विचारायचे आणि उत्तरांची पोतीच्या पोती जमायची. टपाल खात्याला पुढे स्पर्धेसाठी वेगळे, महाग कार्ड काढावे लागले. तिथे प्रश्न पडद्यावर आणि उत्तर कार्डावर. मी उलटे केले. प्रश्न कार्डावर, उत्तर पडद्यावर.

पण हे सुचले दुसऱ्या खेपेला. पहिल्या कार्डावर मी दरपत्रक, फोन, वेबसाइट, दिवाळीची सवलत, सगळे कोंबले होते. कोणी फिरकले नाही. दुसऱ्या कार्डावर एकच ओळ लिहिली : 'तुमची चकली तेलात का विरते?' खाली वेबसाइटचा पत्ता, बस. तो उघडला की थेट तेच उत्तर समोर. (मोहन जास्त झाले की विरते, हे इथे फुकट सांगून टाकतो.) उत्तराखाली एक चौकट : महिन्याला एक पाककृती हवी असल्यास ई-मेल लिहा. नाव आणि ई-मेल, याहून अधिक काही विचारले की माणूस पळतो.

प्रत्येक सेक्टरच्या कार्डांवर पत्त्याच्या शेवटी वेगळा शब्द ठेवला, म्हणजे कुठल्या कार्डावरून माणूस आला ते कळते. तरुणांसाठी क्यूआर कोडही होता. मानेसरच्या मंडळींना सांगायला नको, पण हा कोड १९९४ साली जपानच्या डेन्सो वेव्हने मोटारींच्या सुट्या भागांसाठीच काढला होता. कार्डे आम्ही रात्री बसून हाताने लिहिली. हाताने लिहिले तर ५० पैसे, मजकूर छापला तर ६ रुपये, हा हिशेब होताच. पण आपले नाव कोणाच्या अक्षरात दिसले की माणूस थबकतो, हेही खरे. पिनकोड न विसरता घाला. १९७२ साली तो आणला तो आपल्या श्रीराम भिकाजी वेलणकरांनी.

आता हात पोळल्याची गोष्ट. कार्डांसाठी पत्ते हवे होते आणि घरात आपल्या स्मरणिकेतली सभासदांची यादी होती. मी कोणालाही न विचारता त्या यादीवरून कार्डे टाकली. चौथ्या दिवशी मंडळाच्या एका ज्येष्ठ काकांचा फोन. "अरे, पत्ता आरतीला बोलवायला दिला होता. तुझ्या दुकानासाठी नाही." मी म्हटले, "काका, एक कार्ड तर आहे." ते म्हणाले, "उद्या दुसरा विमा विकेल, तिसरा फ्लॅट." त्या वर्षी दोन कुटुंबांनी यादीतून नावे काढायला सांगितली.

मला ते फार लागले. कारण मागे एका घरी मध्यरात्री रुग्णाला रक्त हवे होते, तेव्हा याच यादीवरून फोन गेले होते. मुलखापासून इतक्या लांब आपल्याजवळ दुसरे आहे काय? आणि ती यादी मी मेतकूटासाठी वापरली. घरोघरी फोन करून क्षमा मागितली. एक कुटुंब परत आले, एक नाही.

२०२३ साली व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणाचा कायदा संसदेत संमत झाला. माहिती कशासाठी हवी ते आधी सांगा, संमती घ्या, आणि ती मागे घेणे देण्याइतकेच सोपे ठेवा, असे त्यात आहे. काकांनी हेच सांगितले होते, थोड्या चढ्या आवाजात.

आता कार्ड फक्त त्यालाच जाते, ज्याने ते मागितले. यादी लहान आहे, पण मागवणारी आहे. ई-मेल नोंदवणाऱ्याला आधी एक पत्र जाते, 'हे तुम्हीच ना?' आणि होकार आला तरच पुढचे.

प्रसादाच्या टेबलाशेजारी कोरी कार्डे ठेवली आहेत. ज्याला हवे त्याने स्वतःच्या हाताने पत्ता लिहावा. पहिले कार्ड काकांनी भरले. ई-मेलचा रकाना मात्र त्यांनी कोराच सोडला आहे.