नवा कॉम्प्युटर घेण्याआधी

मैत्रिणींनो, विंडोज १० चे नेहमीचे मोफत अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबले. आपल्या गटाचा हिशेब माझ्या घरच्या कॉम्प्युटरवर. दुकानदार म्हणाला, "नवाच घ्या ताई." म्हटलं, आधी बघू तरी!

विंडोज ११ ला किमान ४ जीबी रॅम, ६४ जीबी जागा लागते. पण ४ वर मशीन रखडतंच, ८ असलेली बरी. रॅम वाढवता येते. खरी अडचण प्रोसेसरची. इंटेलचा असेल तर साधारण आठव्या पिढीचा किंवा पुढचा हवा, आणि तो बदलणं सहसा परवडत नाही. माझा आठव्याच पिढीचा निघाला. शिवाय टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय लागते. ती माझ्या मशीनमध्ये होतीच, नुसती बंद! जाणकाराकडून चालू करून घेतली. पण त्याआधी सगळा हिशेब पेनड्राइव्हवर उतरवला, उघडून पाहिला, मगच मशीनला हात लावू दिला.