गजदंताचा शोध

होयसळ राजांच्या एका लुप्त ठेव्याच्या शोधार्थ दोन स्त्रिया सह्याद्रीच्या रानात जीप घेऊन शिरतात, आणि त्यांनी उजवीकडे वळावे की डावीकडे, हे नांदेडच्या एखाद्या घरात बैठकीच्या खोलीत बसलेल्या सोळा वर्षांच्या मुलाच्या दोन अंगठ्यांवर अवलंबून असते. ‘अनचार्टेड: द लॉस्ट लीगसी’ या व्हिडिओ गेमचे हे स्वरूप होय. कॅलिफोर्नियातील नॉटी डॉग या संस्थेने तो रचला, आणि सोनी कंपनीने ऑगस्ट २०१७ मध्ये आपल्या प्लेस्टेशन ४ या यंत्रासाठी तो प्रसिद्ध केला. पुढे २०२२ साली तो घरगुती संगणकावरही आला.

मुलांच्या खेळण्यावर भाषण कशाला, अशी शंका वडीलधाऱ्या श्रोत्यांस येणे स्वाभाविक आहे. लातुरासारख्या शिकवणीच्या वर्गांनी गजबजलेल्या शहरात तर अशा खेळांविषयी एकच प्रश्न विचारला जातो, आणि तो म्हणजे, यात वेळ किती जातो? त्याचे उत्तर प्रथमच देऊन टाकलेले बरे. ही कथा आठ-दहा तासांत संपते; एखादी जाडजूड कादंबरी वाचावयास इतकाच वेळ लागतो. तेव्हा वेळेची तक्रार फारशी टिकत नाही. भूमीत दडलेल्या धनाविषयी हा खेळ जी कल्पना मनावर ठसवितो, ती मराठवाड्यातील पडक्या गढ्यांच्या आणि देवळांच्या शेजारी राहणाऱ्यांनी कशी घ्यावी, हा प्रश्न मात्र विचार करण्याजोगा आहे.

कथा थोडक्यात अशी. क्लोई फ्रेझर ही अर्धी भारतीय, अर्धी ऑस्ट्रेलियन. तिच्या पित्यास होयसळांच्या इतिहासाचा ध्यास होता आणि त्याच शोधात त्याचा अंत झाला. हा ध्यास वारशाने तिच्याकडे आला आहे. तिच्या सोबतीस नादिन रॉस ही दक्षिण आफ्रिकेची भाडोत्री सैनिकांची माजी पुढारीण आहे. दोघींना हवा आहे गणेशाचा सुवर्णमंडित दात. तोच दात आसव नावाच्या बंडखोर पुढाऱ्यासही हवा आहे, कारण तो विकून त्यास संहारक बाँब मिळवावयाचा आहे. कथानक म्हणून यात नवे फारसे नाही. दोन चोर, एक दुष्ट, मध्ये एक मूल्यवान वस्तू आणि अखेरीस धावत्या आगगाडीवरील झुंज, हा साचा बोलपटांनी पुष्कळ वापरून झिजविला आहे.

तथापि दाताची कथा निवडताना रचनाकारांनी चांगली समज दाखविली आहे. महाराष्ट्रातील मुलास गणपती एकदंत का, असे विचारले तर महाभारत लिहून घेताना लेखणी मोडली म्हणून त्याने आपला दात मोडून घेतला, हीच कथा बहुधा तो सांगेल. खेळात मात्र दुसरी कथा आहे. शंकराच्या दाराशी गणेशाने परशुरामास अडविले. परशुरामाने परशू फेकला. हे तर पित्यानेच दिलेले शस्त्र, त्याचा मान राहावा, म्हणून गणेशाने तो वार चुकविला नाही, दातावर घेतला. पित्याचा वारसा अंगावर घेऊन त्याची जखम सोसणे, हे क्लोईचेही दुःख असल्यामुळे पुराणकथा आणि नायिका यांची गाठ येथे सहज बसली आहे. परशुरामाची माता रेणुका हिचे ठाणे नांदेड जिल्ह्यातील माहूरगडावर आहे. त्या गडाच्या पायऱ्या चढून आलेल्या मुलास पडद्यावरचा तो परशू परका वाटू नये.

खेळण्याची रीत अशी की नायिका पडद्यावर पाठमोरी दिसते आणि खेळणारा तिच्या खांद्यामागून जग पाहतो. त्याने तिला कड्यावर चढवावे, दोरास लोंबकळवून दरी ओलांडावी, भिंतीआड लपवावे, शत्रूवर नेम धरावा. मधूनमधून कोडी येतात. मूर्तींच्या छाया योग्य जागी पाडून एखादा पुराणप्रसंग जुळवावयाचा असे एक कोडे तर फारच सुरेख आहे. गोळीबाराविषयी मात्र असे कौतुक करता येत नाही. पाच-पन्नास माणसे मारून लगेच दोघी विनोद करू लागतात. हा बेबनाव अशा खेळांत जुनाच आहे, आणि येथेही तो कोणी दूर केलेला नाही.

या खेळातील सर्वोत्तम भाग गोळीबाराचा नाही, धावपळीचाही नाही. चौथ्या प्रकरणात सह्याद्रीतील एक विस्तीर्ण खोरे खुले होते. जीप घेऊन वाटेल तिकडे जावे. त्रिशूळ, परशू आणि धनुष्य यांची चिन्हे धारण करणारे तीन जुने बुरूज शोधावे. वाटेत धबधब्यापाशी थांबावे. क्लोई पुराणकथा सांगते, नादिन त्यांवर शंका काढते, आणि एकमेकींवर विश्वास नसलेल्या या दोघी हळूहळू बोलत्या होतात. पुढे ढिगाऱ्यात अडकलेल्या एका हत्तीस त्या सोडवितात. त्या घटकेला खेळणाऱ्यास सोन्याचा पूर्ण विसर पडतो. रचनाकारांची खरी करामत तीच म्हणावयाची.

परंतु होयसळांचे जे चित्र खेळाने रंगविले आहे, ते तपासले पाहिजे. खेळातील हळेबीड हे कड्याकपारींत दडलेले, डोंगराएवढ्या मूर्तींचे, धबधब्यांनी वेढलेले नगर आहे. प्रत्यक्षातील हळेबीड, म्हणजे होयसळांची राजधानी द्वारसमुद्र, कर्नाटकातील हासन जिल्ह्यात पठारावर तळ्याकाठी वसलेले आहे, आणि तेथे जाण्यास कोणत्याही दोरावर लोंबकळावे लागत नाही. इतकाच फरक असता तर कल्पनेची मुभा म्हणून तो सोडून देता आला असता. घोटाळा मापाचा आहे. होयसळ शिल्पी अवाढव्य कामासाठी प्रसिद्ध नव्हते. त्यांनी वापरलेला दगड खाणीतून निघताना मऊ असतो आणि पुढे हवेत कठीण होतो. त्यामुळे सोनाराने दागिना घडवावा तसे त्यांनी मूर्तीच्या गळ्यातील मणीही सुटे कोरले. १११७ साली प्रतिष्ठापना झालेल्या बेलूरच्या चेन्नकेशव मंदिरात मूर्तीखाली शिल्पकारांची नावे आढळतात. दासोज हे त्यांपैकी एक. सोमनाथपूरला मल्लितम्माची नाममुद्रा आहे. युनेस्कोने २०२३ मध्ये बेलूर, हळेबीड आणि सोमनाथपूर यांस जागतिक वारशाच्या यादीत स्थान दिले ते या बोटभर कामासाठी. अशी कला शोधावयाची तर नायिकेने थांबून डोळे मूर्तीजवळ न्यावयास हवेत. धावत्या नायिकेला ते परवडत नाही, म्हणून रचनाकारांनी मूर्तीच डोंगराएवढ्या केल्या.

मराठवाड्यास होयसळ नवे नाहीत. देवगिरीचे यादव आणि द्वारसमुद्राचे होयसळ हे शेजारी आणि शत्रू. देवगिरी वसविणाऱ्या पाचव्या भिल्लमाचा होयसळ बल्लाळ दुसरा याने बाराव्या शतकाच्या अखेरीस पराभव केला. पुढे दोन्ही घराण्यांवर उत्तरेकडून एकच आपत्ती कोसळली. १२९६ साली अल्लाउद्दीनाने देवगिरी लुटली, आणि १३११ साली मलिक काफूरच्या फौजा द्वारसमुद्राच्या दाराशी उभ्या राहिल्या. दोन्ही राजधान्यांची संपत्ती उघड्या रस्त्याने दिल्लीस गेली. भुयारात कोडे सोडविणाऱ्याची वाट पाहत ती थांबली नाही.

तरीही भुयारातील हंड्यावरचा विश्वास काही जात नाही. खेळाचा पडदाही न पाहिलेल्या खेडुताच्या मनात तो पिढ्यान्‌पिढ्या आहे. धनावर नागाचा पहारा असतो. पायाळू माणसाच्या डोळ्यांत अंजन घातले की त्यास जमिनीखालचे दिसते. नंदीच्या पोटात हिरे भरलेले असतात. अशा समजुती गावोगाव ऐकू येतात. जुना शिलालेख दिसला की तो गुप्तधनाचे बीजक असणार, असे धरून चालतात. नांदेड आणि लातूर या दोन्ही जिल्ह्यांत असे लेख पुष्कळ, आणि त्यांतील अनेक कन्नड भाषेतील, कारण राष्ट्रकूट व चालुक्य यांच्या राज्यात या प्रदेशाचा कारभार त्याही भाषेत चाले. अशा लेखांत बहुधा काय असते? देवापुढील नंदादीपाच्या तेलासाठी दिलेली जमीन, तिच्या चतुःसीमा, आणि दान मोडणाऱ्यास घातलेला शाप. ज्याला ती लिपी येत नाही तो शाप वाचत नाही आणि पहार घेऊन येतो. लिंग उखडले, मूर्तीखाली खोदले, अशा वार्ता महाराष्ट्रातील वृत्तपत्रांत अधूनमधून येतच असतात. कधी प्रकरण याहूनही भयंकर थरास जाते. डॉ. नरेंद्र दाभोलकर यांनी ज्या कायद्यासाठी वर्षानुवर्षे खटपट केली, आणि २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात त्यांचा खून झाल्यावर त्याच वर्षी जो अस्तित्वात आला, त्या जादूटोणाविरोधी कायद्याच्या अनुसूचीत धनाच्या शोधासाठी केलेल्या अघोरी कृत्यांचा स्वतंत्र उल्लेख करावा लागला, तो उगीच नव्हे.

खेळाने ही समजूत निर्माण केलेली नाही. पण खेळाचा नियम आणि त्या खेडुताचा नियम एकच आहे: पडकी वास्तू म्हणजे कुलूप, आणि आतले धन मिळाले की कुलपाचे काम संपले. म्हणूनच क्लोईने पाय ठेवला की कडा ढासळतो, हात घातला की खांब कोसळतो, आणि सात-आठशे वर्षे उभे असलेले नगर दोघींच्या पाठोपाठ पाण्यात जाते. हे सर्व मोठ्या कौशल्याने, धुळीच्या कणाकणासह दाखविले आहे. पण ज्यांनी ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी आणि आसपासच्या गावांत दगडमातीच्या जाड भिंती खरोखर कोसळताना पाहिल्या, त्यांच्या लातूर जिल्ह्यात ढासळत्या दगडांची ही करमणूक सर्वांनाच सारखी रुचेल असे नाही. त्या पहाटे सुमारे दहा हजार माणसे गेली. ढिगाऱ्यातून उडी मारून बाहेर पडणे तेथे कोणाच्या हाती नव्हते.

कायद्याच्या दृष्टीने पाहिले तर क्लोईची सारी मोहीमच बेकायदेशीर ठरते. १८७८ च्या निखात निधी अधिनियमान्वये जमिनीत दहा रुपयांहून अधिक मोलाचे काही सापडल्यास ते जिल्हाधिकाऱ्यास लेखी कळविणे सापडणाऱ्यावर बंधनकारक आहे. जिल्हाधिकारी कचेरीत अर्ज घेऊन बसलेली क्लोई या खेळात दिसत नाही. त्याने खेळाची गती मंदावली असती हे खरे! पण गंमत अशी की कथेचा शेवट जवळजवळ तेथेच पोचतो. बाँब थांबविल्यानंतर दात हाती आलेला असतो, भाव मागाल तो मिळण्याजोगा असतो, आणि क्लोई तो भारताच्या संस्कृती मंत्रालयाकडे सोपविण्याचे ठरविते. बरोबरचा सॅम ड्रेक हे ऐकून हबकतो. खेळणारा मुलगाही क्षणभर हबकत असावा, कारण आठ तास त्यास शिकविले गेले ते याच्या अगदी उलट. कथा लिहिणाऱ्यांस जे उमगले, ते खेळाचे नियम रचणाऱ्यांपर्यंत पोचले नाही, असा हा प्रकार आहे. तरीही हा शेवट लिहिला गेला, याबद्दल लेखकांचे अभिनंदन केले पाहिजे.

पडद्यावरच्या त्या अवशेषांनी ज्या मुलास भुरळ घातली, त्यास घेऊन घरच्यांनी एखाद्या रविवारी बाहेर पडावे. नांदेडकरांस कंधार जवळ. तेथे राष्ट्रकूटांच्या काळापासून नांदता असलेला किल्ला आहे, आणि क्षेत्रपालाच्या एका प्रचंड मूर्तीचे तुकडे आहेत. त्या तुकड्यांसमोर उभे राहिले की खेळातल्या महामूर्ती एकदम कागदी वाटू लागतात. देगलूर तालुक्यात होट्टलची चालुक्यकालीन देवळे आहेत. लातूरकरांस औसा आणि उदगीर यांचे किल्ले, खरोशाची लेणी. स्वतः लातूर हेच राष्ट्रकूटांच्या बिरुदावलीतील लट्टलूर असे विद्वान मानतात.

आणि ज्यास हस्तिदंताचीच ओढ लागली असेल, त्याने शेजारच्या धाराशिव जिल्ह्यातील तेर येथे जावे. तेर म्हणजे प्राचीन तगर. पैठणच्या पूर्वेस दहा दिवसांच्या वाटेवरील हे व्यापारी नगर सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी एका ग्रीक भाषिक नाविकाने आपल्या टिपणात नोंदविले आहे. १९३८ साली इटलीत, ज्वालामुखीच्या राखेखाली इ. स. ७९ मध्ये गाडल्या गेलेल्या पाँपेई नगरात, एका घरात भारतीय स्त्रीची हस्तिदंती मूर्ती सापडली. तिच्याशी जवळचे साम्य असलेली हस्तिदंती मूर्ती तेरच्या मातीत निघाली. ती सोन्याने मढविलेली नाही, हातात मावेल एवढीच आहे. तेरच्या रामलिंगप्पा लामतुरे यांनी गावच्या मातीतून निघणाऱ्या अशा वस्तू हयातभर गोळा केल्या, विकल्या नाहीत, आणि त्यांच्याच नावाने तेथे शासकीय संग्रहालय उभे आहे. लातूरहून सकाळी निघाले तर ती मूर्ती पाहून दुपारच्या जेवणास घरी परत येता येते.