गादी मिळते, टिकते कशावर?

राज्य कसं मिळवावं आणि कसं राखावं, हा विषय पारावर बसणाऱ्या पुरुषांचा, असं आपण धरून चालतो. आज आपण तो आपल्या अंगणात घेऊ.

इटलीतल्या फ्लोरेन्स शहरात मॅकियाव्हेली नावाचा एक कारभारी होता. १५१२ साली तिथं सत्ता पालटली, त्याची नोकरी गेली, तुरुंगात छळही झाला. पुढच्याच वर्षी त्यानं ‘द प्रिन्स’ हे पुस्तक लिहिलं. राजाला प्रेम आणि धाक दोन्ही साधत नसेल तर धाक बरा, असं तो सांगतो. पण लोकांच्या मालमत्तेला हात लावू नये, कारण माणूस बापाचं मरण एकवेळ विसरतो, बापाची मिळकत गेलेली विसरत नाही. बांधावरची भांडणं पाहिलेल्या आपल्याला हे वेगळं सांगायला नको.

आता आपल्याकडे या. १७०० साली राजाराम महाराज गेले आणि ऐन पंचविशीतल्या ताराबाईंनी राज्य हाती घेतलं. समोर औरंगजेब. १७०२ साली त्यानं आपला विशाळगड घेतला, तोही कित्येक महिने वेढा घालून, शेवटी पैसे मोजून. परतताना आपल्याकडच्या पावसानं त्याच्या फौजेचे अतोनात हाल केले. इतकं राज्य राखलेल्या ताराबाईंनाच १७१४ साली पन्हाळ्यावर कैद झाली आणि सवत राजसबाईंचे पुत्र संभाजीराजे गादीवर आले. शत्रूपुढं टिकलेली सत्ता घरात गेली!

त्याच गादीसाठी रामचंद्रपंत अमात्यांनी १७१५ साली ‘आज्ञापत्र’ लिहिलं. त्यात गड आहेत, वतनदार आहेत, सावकार आहेत. आम्हाला मात्र त्यातलं झाडांचं कलम सगळ्यात मोठं वाटतं. आरमारासाठी लाकूड लागणारच. पण रयतेच्या आंब्या-फणसाला हात लावू नका, असं पंत बजावतात. ही झाडं वर्षा-दोन वर्षांत होत नाहीत, लोकांनी ती लेकरांसारखी वाढवलेली असतात. एखादं झाड फारच जुनं झालं असेल, तर धन्याला राजी करून, पैसे देऊन तोडावं. जबरदस्ती नको. मॅकियाव्हेली राजाला लोकांच्या रागाची भीती घालतो. पंतांना झाड लावणाऱ्याचं दुःखही दिसतं, म्हणून ते आम्हाला जास्त पटतात.

आपल्या गटाची शिल्लक म्हणजे असाच फणस आहे. कुणाची भांगलणीची मजुरी, कुणाचे अंड्यांचे पैसे, कुणी नवऱ्याला न सांगता बाजूला ठेवलेले पन्नास रुपये. अध्यक्षपद हात वर करून मिळतं. पुढं मात्र पासबुक एकीच्याच कपाटात राहतं, कर्ज तिच्या जावेला आधी मिळतं, आणि बायका बैठकीला येईनाशा होतात. भांडत कुणी नाही, नुसत्या यायच्या थांबतात.

शिवरायांच्या गडावर हवालदार, सरनोबत आणि सबनीस असे तीन अधिकारी असत, गड एकट्याच्या हाती नसे. आपल्या पेटीलाही तीन कुलपं त्याचसाठी. येत्या बैठकीत तिन्ही किल्ल्या कुणाकुणाकडे आहेत ते विचारा, आणि तिघी एकाच घरातल्या असतील तर त्याच दिवशी एक किल्ली दुसऱ्या गल्लीत द्या. हिशेबाची वही मोठ्यानं वाचायची पाळीही तेव्हाच ठरवा.