दगडाला पैसा, माणसाला मानधन

सन्माननीय स्वागताध्यक्ष, संघाचे पदाधिकारी, गावोगावचे ग्रंथपाल, कार्यवाह, आणि खुर्च्या अपुऱ्या पडल्यामुळे मागे उभ्या असलेल्या अभ्यासिकेतल्या मुलामुलींनो,

ग्रंथालय अधिवेशनातल्या अध्यक्षीय भाषणाचा साचा आता ठरून गेला आहे. वाचनसंस्कृतीबद्दल हळहळ, मोबाईलला दोन शिव्या, अनुदानवाढीची मागणी आणि मग पसायदान. यातली अनुदानाची मागणी मीही करणार आहे. पण तिच्याआधी आपल्या घरातली उणीदुणी काढणार आहे, आणि त्यासाठी मला संडासाबद्दल बोलावं लागेल. सार्वजनिक ग्रंथालय, सार्वजनिक शौचालय आणि गावचं आरोग्य उपकेंद्र या तिन्ही सेवांचं आपल्याकडे एकाच कारणाने वाटोळं झालं, असं माझं म्हणणं आहे. इमारत उभी करायला आपण पैसा काढतो. ती रोज उघडणाऱ्या, झाडणाऱ्या, चालती ठेवणाऱ्या माणसाला द्यायची वेळ आली की हात आखडतो. साहित्याच्या व्यासपीठावर हा विषय कशाला, असं ज्यांच्या मनात आलं असेल त्यांना आठवण करून देतो. सार्वजनिक जागी स्त्रियांसाठी स्वच्छतागृहं हवीत म्हणून मुंबई उच्च न्यायालयात जी जनहित याचिका लढली गेली, ती विद्या बाळ यांनी ‘मिळून साऱ्याजणी’ या मराठी मासिकाच्या नावाने केली होती, आणि २०१५ साली न्यायालयाने महापालिकांना त्याबाबत आदेश दिले. गाडगेबाबा आधी गाव झाडायचे आणि मग कीर्तनाला उभे राहायचे. कणकवलीच्या गोपुरीत अप्पासाहेब पटवर्धन लिहीतही होते आणि सोपा संडास कसा बांधावा हे लोकांना शिकवतही होते. ही आपलीच परंपरा आहे. शाल-श्रीफळाच्या कार्यक्रमपत्रिकेतून ती आपण वगळली, इतकंच.

आता आपल्या अभ्यासिकांकडे या. तालुक्याच्या गावी पोलीसभरती, तलाठी, एमपीएससी अशा परीक्षांची मुलं-मुली सकाळी सातला जागा धरतात आणि रात्री उठतात. मुलांचं निभावतं; भिंती आणि बोळ त्यांना मोकळेच आहेत. मुलीच्या टेबलावरची पाण्याची बाटली मात्र नीट पाहा. दुपारी दोन वाजताही ती जवळजवळ भरलेली असते. पाणी प्यायलं तर जायचं कुठे? मागच्या अंगाला शौचालय आहे, दारावर देणगीदाराच्या नावाची फरशीही बसवलेली आहे. पण दाराला कुलूप, किल्ली कार्यवाहांच्या खणात, आणि आत रद्दीचे गठ्ठे, मोडक्या खुर्च्या, गेल्या ग्रंथोत्सवाचा गुंडाळलेला फ्लेक्स. तासन्‌तास लघवी रोखून धरल्याने आणि पाणी तोडल्याने मूत्रमार्गाचा जंतुसंसर्ग होऊ शकतो, हे कुठलाही डॉक्टर सांगेल. पाळीच्या दिवसांत तर ती मुलगी येतच नाही, आणि आपण हजेरीपटावर ‘गैरहजर’ लिहून मोकळे होतो. स्वच्छता, आरोग्य आणि ग्रंथालय यांची खाती मंत्रालयात तीन असतील. या मुलीची अडचण एकच आहे. आणि तिच्यावर आपल्याकडून मिळणारं उत्तरही एकच असतं: ‘उघडलं तर साफ कोण करणार?’

या प्रश्नाशी जरा थांबू, कारण त्याचं उत्तर विचारणाऱ्याला आधीच ठाऊक असतं. शिपाई करणार नाही, ग्रंथपाल करणार नाही, कार्यकारिणीतलं तर कोणीच करणार नाही. कोणत्या वस्तीतून माणूस बोलवायचा हे गावात सगळ्यांना माहीत असतं, आणि तो येत नाही किंवा परवडत नाही म्हणून कुलूप. मैला हाताने साफ करायला लावणं २०१३ च्या कायद्याने गुन्हा ठरवलं. पण साफसफाई म्हणजे अमुक जातीचं काम, हे आपल्या डोक्यातून कुठल्या कायद्याने जाणार? मग ग्रंथपालाने संडास धुवायचा का, असं इथे कोणीतरी विचारील. नाही. ग्रंथपालाने ग्रंथपालाचं काम करावं. धुण्याच्या कामासाठी माणूस नेमावा, जात न विचारता नेमावा, हातमोजे, गमबूट आणि किमान वेतन देऊन नेमावा, आणि त्याचा पगार अंदाजपत्रकात वीजबिलाच्या शेजारी लिहावा. वीजबिल भरलं नाही तर दिवे जातात म्हणून ते आपण मुकाट्याने भरतो. हा पगार मात्र ‘इतर किरकोळ खर्च’ या सदरात दडवतो, आणि पैसा कमी पडला की पहिली कात्री तिथेच लागते.

दगड उभा राहिला म्हणजे सेवा मिळाली, हा समज किती महागात पडतो हे देहूने साठ वर्षांपूर्वी दाखवलं. १९६० च्या आसपास तिथल्या आरोग्य केंद्रात आलेल्या डॉ. मापुसकरांच्या लक्षात आलं की जंताचं औषध देऊन उपयोग नाही. माणूस बरा होतो आणि उघड्यावरच्या घाणीतून पुन्हा तोच आजार घेऊन येतो. म्हणून त्यांनी शौचालयं बांधायला घेतली. पहिली शौचालयं पावसात खचली आणि लोक पुन्हा उघड्यावर गेले. सरकारी योजना असती तर त्याच दिवशी संपली असती: उद्दिष्ट पूर्ण, फोटो काढला, फाईल बंद. पण डॉक्टर गावातच राहणार होते. त्यांनी आराखडा बदलला, अप्पासाहेबांकडून शिकून घेतलं, पुढे शौचालयाला जोडायचा बायोगॅस संयंत्राचा नमुना तयार केला आणि हे काम काही दशकं चालवलं. मरणोत्तर पद्मश्री त्यांना २०१७ मध्ये मिळाली. देशपातळीवरचा हिशेब याच्याशी ताडून पाहा. २ ऑक्टोबर २०१९ रोजी ग्रामीण भारत हागणदारीमुक्त झाल्याची घोषणा झाली. २०१९ ते २०२१ या काळातल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाने मात्र देशातली १९ टक्के कुटुंबं कुठलंच शौचालय वापरत नाहीत, अशी नोंद केली. आधीच्या सर्वेक्षणात हा आकडा ३९ होता, म्हणजे प्रगती मोठी झाली, आणि ती नाकारणारा मी नाही. पण घोषणा बांधलेल्या भांड्यांची मोजदाद करून झाली होती आणि सर्वेक्षणाने वापर विचारला. या दोन आकड्यांमधल्या फटीत कितीतरी गोष्टी आहेत, आणि त्यांतली पाणी, दुरुस्ती आणि देखभाल ही तीन तरी पैशाने सुटणारी आहेत.

आरोग्यातही तेच. जामखेडला आरोळे दांपत्याने १९७० साली काम सुरू केलं तेव्हा त्यांनी आपलं बळ गावाने निवडलेल्या, बहुतांश निरक्षर बायकांवर लावलं. गडचिरोलीत अभय आणि राणी बंग यांनी गावातल्याच आरोग्यदूतांना नवजात बाळाची काळजी घ्यायला शिकवलं आणि नवजात मृत्यूंचं प्रमाण तिसऱ्या वर्षी ६२ टक्क्यांनी उतरलं. ‘लॅन्सेट’ने ते १९९९ मध्ये छापलं. ज्या घरात बाळ जन्मलं त्याच घरात जाऊन, शिकलेल्या बाईने ते बाळ तपासलं. यावर आपल्यातले सेवाभावी लोक म्हणतील, ‘पाहा, पैशाशिवाय झालं ना?’ हे अर्धंच खरं आहे. जामखेडच्या बायका दर आठवड्याला प्रशिक्षणाला येत आणि त्यांच्या पाठीशी रुग्णालय, डॉक्टर, औषधं होती. गडचिरोलीत प्रशिक्षण, देखरेख आणि कामाचा मोबदला हे तिन्ही होतं. सेवाभाव म्हणून बाईला फुकट राबवायचं आणि त्याला समाजकार्य म्हणायचं, हा धडा या दोन ठिकाणांहून निघत नाही. आशा सेविकांना आजही कागदावर ‘स्वयंसेविका’ म्हटलं जातं आणि मोबदल्यासाठी त्यांना मोर्चे काढावे लागतात. ग्रंथपालांनो, तुम्ही त्यांच्यापेक्षा वेगळे आहात असं समजू नका.

कारण तुमचा हिशेब असा आहे. १९६७ च्या महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियमाखाली राज्यात बारा हजारांच्या घरात ग्रंथालयं मान्यता पावली. २०२२ साली शासनाने अनुदान ६० टक्क्यांनी वाढवलं आणि आपण हार-तुरे घेऊन धावलो. त्या वाढीनंतर सर्वांत खालच्या ‘ड’ वर्गाच्या ग्रंथालयाला वर्षाला ४८ हजार रुपये झाले. आधी ३० हजार होते. त्यातली निम्मी रक्कम वेतनाची धरली तर महिन्याला दोन हजार. रोजगार हमीवरच्या मजुराचा एका दिवसाचा दर २०२४-२५ मध्ये २९७ रुपये होता. म्हणजे गावातला ग्रंथपाल महिनाभर दार उघडतो, वर्तमानपत्रं लावतो, दाखल नोंदवही लिहितो, देवघेव सांभाळतो, आणि त्याला मजुराच्या सात दिवसांइतकाही पैसा मिळत नाही. मग तो सकाळी शेतावर जातो आणि संध्याकाळी तासभर कुलूप काढतो. याला त्याचा आळस म्हणणाऱ्यांनी त्या पगारावर एक महिना काढून दाखवावा.

‘पण लोक वाचतच नाहीत, तासभरसुद्धा कोणी येत नाही.’ हा आक्षेप बाहेरचे लोक घेतात त्याहून जास्त आपण घेतो, आणि तो फार सोयीचा आहे. कामावरून सुटलेला माणूस सातला घरी येतो आणि ग्रंथालय सहाला बंद होतं. दुपारी मोकळ्या असणाऱ्या बायकांसाठी ‘दुपारी १२ ते ४ बंद’ अशी पाटी असते. पुस्तकं काचेच्या कपाटात, कपाटाला कडी. एस. आर. रंगनाथन यांनी १९३१ मध्ये ग्रंथालयशास्त्राचा पहिला सिद्धांत मांडला, तो पुस्तकं वापरण्यासाठी असतात इतकाच. तो मांडावा लागला, कारण ती जपून ठेवण्यासाठी असतात असं मानणारे तेव्हाही होते. ज्या अभ्यासिकांमध्ये खुर्चीसाठी पहाटे रांग लागते तिथे वाचक नाही हे कोण म्हणेल? तो आपल्याला हवा तसा वाचक नाही. तो कादंबरी मागत नाही, प्रश्नसंच मागतो. त्याचाही हक्क आहे. दुसरा आक्षेप अधिक वजनाचा आहे: अनेक ग्रंथालयं कागदावरच होती, २०१२ च्या पडताळणीत ते उघड झालं आणि नव्यांना मान्यता देणं थांबलं. खरं आहे. पण लबाडी करता आली ती आपण पुस्तकं मोजत होतो म्हणून. गठ्ठे आणून दाखवता येतात. रोज संध्याकाळी तीस माणसं बसलेली, दार आठ तास उघडं आणि शौचालयात पाणी, हे वर्षभर आणून दाखवता येत नाही. तपासणीच्या तक्त्यात हे रकाने घाला, लबाडी आपोआप आटेल, आणि प्रामाणिक ग्रंथालयांची शिक्षाही संपेल.

पैसा कुठून? भारतातला पहिला ग्रंथालय कायदा १९४५ साली कोल्हापूर संस्थानात झाला, हे आपण अभिमानाने सांगतो. बडोद्याला सयाजीरावांनी अजव्याहून शहराला पाणी आणलं आणि १९१० मध्ये अमेरिकेतून ग्रंथालयतज्ज्ञ बॉर्डन यांना बोलावून ग्रंथालयांचं जाळं विणलं. गावाने एक हिस्सा काढला की पंचायत आणि दरबार आपापला हिस्सा घालत. या वारशानंतर १९६७ च्या आपल्या अधिनियमात ग्रंथालय उपकर मात्र नाही. मद्रासच्या १९४८ च्या कायद्यात तो होता, कर्नाटकात मालमत्ता करावर ६ टक्के आहे, केरळात ५ टक्के. बंगळुरूच्या घरमालकाच्या मालमत्ता करात आरोग्य उपकर आणि ग्रंथालय उपकर हे दोन्ही असतात. आपल्या महापालिकांच्या बिलावर मलनिस्सारण आहे, शिक्षण आहे, रोजगार हमी आहे, वृक्ष कर आहे; ग्रामपंचायतीच्या पावतीवर दिवाबत्ती आणि आरोग्य कर आहे. ग्रंथालय कुठेच नाही. ज्याची घरपट्टी सहाशे रुपये आहे त्याला ५ टक्क्यांनी वर्षाला तीस रुपये पडतील. लोक देणार नाहीत असं म्हणणाऱ्यांनी पुण्यातल्या ‘स्वच्छ’ या कचरावेचकांच्या सहकारी संस्थेकडे पाहावं: घराच्या दारातून कचरा रोज उचलला जातो, म्हणून घरं दरमहा शुल्क देतात. कुरकुर होते, पण देतात. सेवा दिसली की पैसा निघतो.

कर्नाटकात महापालिका उपकर गोळा करतात आणि ग्रंथालयांना वर्ग करत नाहीत, थकबाकी साचते, हे उदाहरण माझ्या तोंडावर फेकलं जाईल. ते मी स्वतःच मांडतो, कारण त्यातूनच मागणी नीट होते. उपकर खजिन्यातून फिरून येऊ नये. वसूल झालेल्या महिन्यातच स्थानिक ग्रंथालय निधीत जमा व्हावा, त्याचा निम्मा भाग वेतनाशिवाय कशावरही खर्च करता येऊ नये, आणि या वेतनात सफाईचं वेतन धरलेलं असावं. नवी इमारत, नवी कमान, नवा पुतळा यांना त्यातून एक पैसाही नको. त्यासाठी देणगीदार मिळतात; फरशीवर नाव कोरायला माणूस नेहमी तयार असतो. झाडूवर नाव कोरता येत नाही, म्हणूनच तिथे कर लागतो.

उरला प्रश्न आपला, कार्यकारिण्यांचा. पंचवीस वर्षं तेच अध्यक्ष, सभासद-यादीत मृतांची नावं, निवडणुकीच्या आदल्या महिन्यात अचानक वाढणारे आजीव सभासद: हे सगळं चालू ठेवून शासनापुढे हात पसरणार असू तर शासनाने आपलं का ऐकावं? म्हणून उपकराच्या ठरावाच्या आधी मी विषय नियामक समितीत दुसरा ठराव ठेवला आहे. शासननिर्णयाची वाट न पाहता, या जिल्ह्यातल्या प्रत्येक ग्रंथालयाने येत्या १ मे पर्यंत स्त्रियांसाठीचं शौचालय मोकळं करून, पाणी आणि कचऱ्याची झाकणाची बादली ठेवून, ग्रंथालय उघडं असेल तितका वेळ उघडं ठेवावं, सफाईचं वेतन अंदाजपत्रकात स्वतंत्र लिहावं, आणि ज्यांना हे जमणार नाही त्यांना संघाच्या पुरस्कारासाठी अर्ज करता येऊ नये. समितीत काल या ठरावावर कुजबुज बरीच झाली. ज्यांचा विरोध आहे त्यांनी दुपारच्या खुल्या सत्रात माईकवर येऊन बोलावं. मागे उभ्या असलेल्या मुली तेव्हाही इथेच असतील.