नाव घ्यायचं राहून गेलं



इतक्या वर्षांनी भेटतोय. हसण्या-बोलण्याच्या दिवशी मी एका पोलिसाची आठवण काढणार आहे, सांभाळून घ्या.

आपण महाड-पोलादपूरकर एसटीची माणसं. रेल्वे हवी तर वीर नाहीतर करंजाडी गाठायचं. 'लोहमार्ग पोलीस' हा शब्दही मला नोकरीला मुंबईत गेल्यावर कळला. ऑफिस फोर्टात, रोजची ये-जा सीएसटीवरून. पाकीटमारीची तक्रार घेणारे, चुकलेलं पोर सांभाळणारे, रुळांवरच्या बेवारस मृतदेहाचे नातेवाईक शोधणारे हेच लोक. पण मी त्यांच्याकडे कधी नीट पाहिलं नाही.

26 नोव्हेंबर 2008 च्या संध्याकाळी मी नेहमीच्या लोकलने घरी पोचलो. त्या रात्री लांब पल्ल्याच्या गाड्यांसाठी माणसं सामान उशाला घेऊन बसली होती. आपली कोकणकन्याही तिथूनच, अकराच्या सुमारास सुटायची. दोन अतिरेकी एके-47 आणि हातबॉम्ब घेऊन आत घुसले. स्थानकात 58 माणसं गेली. तिथल्या लोहमार्ग पोलिसांचे निरीक्षक शशांक शिंदे त्यांना सामोरे गेले आणि शहीद झाले. पोलीस शिपाई अंबादास पवार आणि होमगार्ड मुकेश जाधवही तिथेच गेले.

मध्यंतरी नातवाने विचारलं, "आजोबा, तुमच्या स्टेशनवर कोण लढलं?" मी करकरे, कामटे, साळसकर सांगितले. आंबेनळी घाटापलीकडच्या केडंब्याचे तुकाराम ओंबळे सांगितले. तो म्हणाला, "ते दुसरीकडे. स्टेशनवर कोण?" मला नाव आठवेना. ज्या स्थानकातून माझी सारी नोकरी झाली, तिथल्या माणसाचं नाव मला पेपरांची कात्रणं काढून शोधावं लागलं. लाज वाटली.

उमरठची सहल आठवते? तानाजींच्या समाधीपुढे बाईंनी आपल्याकडून शेलारमामांचंही नाव म्हणून घेतलं होतं. एकट्या तानाजींचं म्हणून भागणार नाही, असं त्यांचं म्हणणं.

म्हणून शाळेला एक विनंती. दर 26 नोव्हेंबरला प्रार्थनेनंतर मुलांना ही नावं सांगावीत. शशांक शिंदे हे नाव त्यात असावं. यातली बरीच मुलं उद्या पोटापाण्यासाठी मुंबईलाच जाणार आहेत. फलाटावर खाकी गणवेश दिसला, तर त्यांनी माझ्यासारखं न बघता पुढे जाऊ नये.

जय हिंद, जय महाराष्ट्र.