समुद्रतळाची सहल



पॅसिफिक महासागरात पलाऊ नावाचे बेटांचे एक चिमुकले राष्ट्र आहे. आपल्या एकट्या डिचोली तालुक्यात राहणारी माणसे त्याच्या लोकसंख्येहून किती तरी अधिक भरतील. तरीही हजारो मैलांवरून लोक तेथे सुटी घालवावयास जातात, आणि जातात ते बेटे पाहावयास नव्हे. बेटांभोवतीचे पाणी आतून पाहावयास. तेथून पूर्वेला ट्रुक बेटांच्या परिसरात १९४४ च्या फेब्रुवारीत अमेरिकन विमानांनी बुडविलेली जपानी जहाजे तळाशी पडून आहेत. त्यांच्या तोफांवर आता पोवळी वाढली आहेत, आणि ती पाहावयास पाठीवर हवेची टाकी बांधलेले प्रवासी खाली उतरतात.

ही टाकी म्हणजे प्राणवायूची टाकी, असा आपल्याकडे सर्रास समज आहे. तो खरा नव्हे. तिच्यात तुमची आमची साधी हवाच दाबून भरलेली असते. १९४३ साली फ्रान्समध्ये कूस्तो आणि गान्यां या दोघांनी अशी झडप तयार केली की, पाणबुड्याला त्या त्या खोलीच्या दाबाची हवा मागेल तेव्हा मिळावी. पाण्यात दर दहा मीटरांना हवेच्या एका वातावरणाइतका दाब वाढतो. म्हणून दहा मीटरांवर छातीत भरून घेतलेली हवा वर येताना दुप्पट फुगते. गोव्याच्या किनाऱ्यावर खडकांवरची शिणाणी काढणारा माणूस श्वास रोखून बुडी मारतो. त्याने वरचीच हवा आत नेलेली असते, म्हणून त्याला हे भय नाही. टाकी घेतलेल्याने मात्र श्वास कधीही रोखावयाचा नसतो आणि वर येण्याची घाईही करावयाची नसते. रक्तात विरलेला नायट्रोजन सावकाश बाहेर पडावा लागतो. म्हणूनच बुडी मारल्यावर त्याच दिवशी विमानात बसू नये. थोड्या दिवसांची सुटी काढून आलेल्या पाहुण्यांना हे कोणी तरी आवर्जून सांगितले पाहिजे.

आता पेडण्याच्या माणसाने यासाठी पॅसिफिक गाठावा काय? पत्रादेवी ओलांडून बांदा, कुडाळमार्गे मालवणास जावयास अर्धा दिवसही लागत नाही. सिंधुदुर्गाच्या तटाखालीच खडक आहेत, त्यांवर पोवळी आहेत आणि त्यांत रंगीत मासळी फिरते. नवख्यालाही शिक्षक हात धरून खाली नेतो. दक्षिणेला मुरगावच्या बाहेर ग्रांदी बेट आहे. तेथेही बुडालेली जहाजे आहेत. जवळच सुंची खडकाशी सतराव्या शतकाच्या प्रारंभीचे एक पोर्तुगीज जहाज फुटले होते. दोनापावलच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या पाणबुड्यांना तेथे तोफा, मर्तबानच्या रांजणांची खापरे आणि हस्तिदंत सापडले. ट्रुकची जहाजे याच्यापुढे अगदीच काल-परवाची!

उणीव आहे ती एका गोष्टीची, निर्मळ पाण्याची. पलाऊला पंधरा-पंधरा वाव दूरचे स्वच्छ दिसते. आपल्याकडे बऱ्या दिवशी दोन-चार वाव, आणि वाईट दिवशी स्वतःचा हातही दिसत नाही. याचा दोष सर्वस्वी माणसाचा नव्हे. पावसाळ्यात घाटावरून उतरणाऱ्या नद्या लाल होणारच. ही जांभ्या दगडाची भूमी आहे. पण डिचोलीच्या डोंगरांवर खाणींच्या मातीचे जे ढीग उभे राहिले, त्यांची माती वाळवंटी आणि डिचोली नद्यांतून शेवटी मांडवीतच येते, आणि मांडवी समुद्राला मिळते. पोवळ्याच्या अंगात सूक्ष्म शेवाळ राहते व ते उन्हावर पोवळ्याला अन्न करून घालते. पाणी गढुळले की ऊन खाली पोचत नाही. गाळ बसला तर पोवळे गुदमरते. २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाने गोव्यातील ८८ खाणपट्टे रद्द केले. पुढे लिलाव होऊन डिचोलीत खाणकाम पुन्हा सुरू झाले आहे. खाणीवर ज्यांची चूल पेटते, त्यांना समुद्रतळाच्या शोभेची महती सांगणे सोपे नाही, आणि मी ती सांगणारही नाही. मात्र पावसापूर्वी ढिगाऱ्यांना बांध घालणे, गाळ अडविणाऱ्या तळ्यांतील माती उपसणे, ही कामे वेळेवर झाली की नाहीत, हे विचारणे रोजगाराच्या आड येत नाही.

किनाऱ्यावरील प्रश्न वेगळाच आहे. मालवणला १९८७ साली सागरी अभयारण्य जाहीर झाले, तेव्हा मच्छीमारांनी विरोध केला. जाळे कोठे टाकावयाचे, हे सरकारी नकाशा ठरविणार, ही त्यांची धास्ती होती. पलाऊची रीत उलट आहे. तेथे मासळी कमी झाली की गावचे प्रमुखच काही काळ त्या खडकांवर मासेमारी बंद ठेवीत. या बंदीला ते 'बुल' म्हणतात. नारळी पौर्णिमेपर्यंत होडी न लोटणाऱ्या आपल्या गाबितांना आणि खारव्यांना ही कल्पना परकी वाटू नये. आणि पाहुण्यांचे म्हणाल, तर २०१७ पासून पलाऊत उतरणाऱ्या प्रत्येक प्रवाशाच्या पारपत्रावर प्रतिज्ञेचा शिक्का उठतो व तिच्याखाली त्याला सही करावी लागते. आपल्याकडे पोवळ्यावर पाय देऊन छायाचित्र काढून घेणारे मी ऐकून आहे. होडीत चढण्यापूर्वीच असल्यांचे कान पिळण्याचा अधिकार होडीवाल्यालाच असावा, असे माझे मत आहे.

जाण्याची इच्छा असेल, तर दिवाळीनंतर पाणी निवळू लागते. मे महिना सरता सरता समुद्र खवळतो आणि होड्या वर ओढल्या जातात. कानाचे किंवा छातीचे दुखणे असल्यास आधी डॉक्टरांस विचारावे. सर्दी झाली असेल तर त्या दिवशी किनाऱ्यावरच बसावे. हरमलला किंवा केरीला बसावयास जागा पुष्कळ आहे.